वहिनी गाळून वाचतात

साहेबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा आधीच अधू, म्हणून डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली. मंत्री झाले तरी लोकांची पत्रं स्वतः वाचायची त्यांची जुनी सवय. आता ते काम बायकोकडे आलं. कार्यकर्ते तिला वहिनी म्हणत.

पहिल्याच सकाळी वहिनींना कळलं, की पत्रांच्या पिशवीत हार कमी आणि जोडे जास्त आहेत. कुणी लिहिलं होतं, 'आपण आमचे मायबाप.' त्याच्या खालच्याने साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. वहिनींनी पहिलं पत्र ठासून वाचलं आणि दुसऱ्यातल्या शिव्या गाळल्या. मग जीभ अशी सरावली, की 'तुम्हाला लाज वाटायला हवी' याचं 'तुमचा अभिमान वाटतो' होऊन बाहेर पडे. उशीला टेकलेल्या माणसाचा चेहरा खुले. एवढं खोटं देव पोटात घालील, असं त्यांना वाटे.

एका दुपारी एका निवृत्त नर्सबाईंचं पत्र निघालं. 'नदीपलीकडचं प्रसूतिगृह तुम्ही बंद केलंत. परवा एक पोर मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच बाळंत झाली. बाळ वाचलं, ते आमचं नशीब. तुमचं कर्तृत्व नव्हे.'

वहिनी वाचू लागल्या, "नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात एक पोर सुखरूप बाळंत झाली. तुमचे उपकार कसे फेडावेत…"

"अगं, ते तर मी बंद केलंय!"

वहिनींनी पत्र पदराआड केलं. साहेबांना मात्र हसू आवरेना.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून," त्या पुटपुटल्या.

"तरीच! म्हटलं, लोकांना एकाएकी माझा एवढा पुळका कसा आला. आता आहे तसं वाच."

वहिनींनी वाचलं. गाडीतल्या बाळंतपणाशी येईपर्यंत साहेबांचं हसू मावळलं होतं. "त्या बाईंना बोलावून घे," ते म्हणाले.

नर्सबाई रविवारी आल्या. समोरचा चहा निवत गेला, त्या बोलत राहिल्या. साहेबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. निघताना त्यांची उशी सारखी करत बाई म्हणाल्या, "अशाने मान अवघडेल," आणि मागे न बघता गेल्या.

पुढे प्रसूतिगृह पुन्हा सुरू झालं. खाटा पहिल्यापेक्षा कमी, पण एक गाडी कायम दाराशी. विरोधकांनी 'थुंकलेलं चाटलं' म्हणून बोंब ठोकली, तर काहींनी फुलं पाठवली.

प्रसूतिगृह सुरू झालं त्या संध्याकाळी साहेब बायकोला म्हणाले, "आपली लेक तिथेच झाली होती. मी ते बंद केलं तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. दोन दिवस घास उतरत नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"बाहेर सगळे तुटून पडलेले. म्हटलं, घरात तरी माणसाला टेकायला जागा असावी."

साहेबांनी उशी बाजूला केली. मग सरकून त्यांनी पलंगावर जागा केली. "ये, टेकून बस. आणि बोल."

"पुष्कळ आहे हं," वहिनी म्हणाल्या. "त्या प्रसूतिगृहापाशीच थांबणार नाही."

"असू दे."

वहिनी पाय वर घेऊन बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीपासून सुरुवात केली.