पुसलेली लाल रेघ

मित्रांनो, मी औषध मोजायचा एक जुना कप आहे. बोटभर उंचीचा, पण मान ताठ. आधीच बजावतो, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हाच माझ्या अंगावर एकापासून दहापर्यंत मिलिलिटरच्या रेघा होत्या. मग एका बाटलीच्या डोक्यावर बसून या घरी आलो. घरातली धाकटी तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी दर वेळी दोनशे मिलिग्रॅम औषध सांगितलं होतं. बाटलीवर लिहिलं होतं, पाच मिलिलिटरमध्ये एकशे पंचवीस. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये पंचवीस आणि दोनशेला आठ. बाबांनी आठवर आईच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली.

"आता डोकं चालवायलाच नको!" ते म्हणाले. घरभर कौतुक झालं. मला मात्र ती रेघ मुळीच आवडली नाही.

तीन दिवसांनी बाटली संपली, दुसरी आली. तोच खोका, तोच गुलाबी रंग. बाबांनी लाल रेघेपर्यंत ओतलं. धाकटीने आ केला. मी आतून ओरडत होतो, पण कपाचं कोण ऐकतं? तेवढ्यात आत्याने चष्मा चढवून बाटली उचलली.

"थांब दादा! यात पाच मिलिलिटरला अडीचशे आहे."

"अगं, रेघ आहे ना! तीन दिवस तेवढंच देतोय."

"रेघ जुन्या बाटलीची. आता एका मिलिलिटरला पन्नास, तर दोनशेला किती?"

बाबा बोटांवर मोजू लागले. "चार," ते पुटपुटले आणि त्यांनी मला खाली ठेवलं. "पोरीला दुप्पट पाजणार होतो मी."

औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदारही म्हणाला, "चारच द्या."

बाबांनी ब्लेडने ती रेघ खरवडली. माझ्या अंगावर ओरखडे राहिले. ते मी मिरवतो.

धाकटी बरी झाली आणि मी बटणांच्या डब्यात पडलो. पुढे खोकल्याच्या औषधाला कुणीतरी चहाचा चमचा काढला. चमचा! ना रेघ, ना आकडा! मित्रांनो, मला धुऊन जवळ ठेवा. पण नवी बाटली आली की तिच्यावरचं वाचा आणि हिशोब नव्याने मांडा. माझ्या रेघेलाही जाब विचारा.

परवा मला कचऱ्यात टाकत होते, तर धाकटीने पळवलं. आता मी तिच्या बाहुलीला पाणी पाजतो. काल मला बाहुलीच्या तोंडाशी नेता नेता ती थांबली. रिकामी बाटली डोळ्यांशी धरून म्हणाली, "थांब हं, आधी वाचते."

तिला अजून वाचता येत नाही. तरी वाचते.