घोटभर चहा

मी चहाचा प्याला बोलतोय. धरायला मला कान नाही, पण ऐकू सगळं येतं.

रिश्तान गावच्या कुंभाराने मला घडवलं, निळा रंग चढवून भट्टीत भाजलं. आहेरात मी मावजुदाच्या घरी आलो. पुढे ती नवऱ्यासोबत कामधंद्यासाठी रशियाला गेली, तेव्हा मलाही नेलं. तिथे ती बेकरीत पाळीवर जायची. निघताना मला काठोकाठ भरून लेकीपुढे, मुनिसापुढे, ठेवायची आणि धावत सुटायची. मुनिसा एकटीच चहा प्यायची. गप्पा माझ्याशी.

अठराव्या वर्षी मुनिसा मला घेऊन परत मायदेशी, समरकंदला, शिकायला आली. हौसेने वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीतल्या पोरींना बोलावलं. गरम नान, जर्दाळूचा मुरंबा मांडला. त्यांच्याकडूनच आणलेले दोन प्याले आणि मी, तिघांनाही तुडुंब भरलं.

मनात म्हटलं, घात झाला! आमच्याकडे पाहुण्याला घोटभरच ओततात. संपला की पुन्हा घोटभर, तेवढ्याच गप्पा वाढतात. भरलेला प्याला म्हणजे ‘आता उठा’. पोरी चटचट चहा पिऊन गेल्या. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा कोणी आलंच नाही. मुनिसा खूप रडली आणि बॅग भरायला बसली. माझा जीव तुटत होता, पण प्याल्याचं कोण ऐकतं!

तेवढ्यात शेजारची जरनिगोर आपले प्याले न्यायला आली.

“कुठे निघालीस गं?”

“घरी. तुम्हाला मी नकोच आहे ना!”

“वा गं शहाणे! दर वेळी तूच आम्हाला हाकलतेस आणि वर तूच रुसतेस?”

“मी? मी तर चांगला भरभरून चहा दिला!”

जरनिगोर हसत हसत खालीच बसली. “अगं बये, भरून देणं म्हणजे ‘चालत्या व्हा’! आम्हाला वाटलं, परदेशात वाढलेली, शिष्ट असेल.”

तिने किटली हिसकावून मला जेमतेम दोन घोट भरलं. त्या दुपारी मी अकरा वेळा भरलो. बॅग तशीच राहिली.

मुनिसाने फोनवर आईला विचारलं, “तुला तर माहीत होतं. मग मला का भरून द्यायचीस?”

“पुन्हा ओतायला मी थांबणार कुठे होते, बाळा?”

आता माझ्या काठाचा टवका उडालाय, विसळून विसळून रंगही फिका पडलाय. तक्रार नाही. सांगणं एवढंच, कोणी पटकन उठून गेलं, तर मन खट्टू करण्याआधी एकदा विचारा.

बरं, निघतो. मावजुदा रजा काढून आलीय. लेकीने घोटभर ओतलंय, आणि मला पुन्हा पुढे करून आई म्हणतेय, “ओत गं आणखी. आज मला कुठेच जायचं नाहीये.”