त्रेचाळिसातले पंधरा दिवस माझे

मित्रांनो, माणसाच्या कपाळी सटवाई लिहिते म्हणतात. फौजदारी प्रकरणांत ते खातं माझ्याकडे आहे. मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. उंची साडेतीन इंच, मूठ लाकडी, खाली रबर.

एका तालुका न्यायालयाच्या नक्कल विभागात माझी हयात गेली. कुणी निकालाची नक्कल मागितली की मी उमटतो, ती तयार झाली की पुन्हा उमटतो. शिक्क्याला शाबासकी कोण देतो? पण यंदा माझाही दिवस आला!

निरवांगीच्या ज्ञानूला पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीत तीन जूनला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याची बायको केसरबाई हिनं पाच जूनला नक्कल मागितली, ती एकोणीसला तयार झाली. बारामतीच्या वरच्या कोर्टात अपिलाची मुदत तीस दिवस. शेजारच्या जोतीरामतात्यांनी कॅलेंडरवर तीन जुलैला फुली मारली. "संपलं. आता कोर्ट दारात उभं करायचं न्हाय." बाई खचून घरी बसली. सोळा जुलैला मात्र उठली आणि बारामतीत मेघना वकीलबाईंकडे गेलीच.

"तात्या म्हणत्यात, तेचाळीस दिस झालं."

वकीलबाईंनी नक्कल उलटवली. मागे मी होतो, दोनदा. "तात्यांना मोजता येतं, वजाबाकी येत नाही. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. पाच ते एकोणीस, पंधरा गेले. उरले अठ्ठावीस."

"मंजी अजून दोन हायती?"

"आहेत, पण ते घरी न्यायचे नाहीत. आत्ताच दाखल करू."

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी सगळ्यात आधी मला पाहिलं! आनंदानं माझी वाळलेली शाई पुन्हा ओली व्हायचीच काय ती बाकी होती. वेळेत आलंय, हे ठरलं. मग दुसरा प्रश्न: ऐकण्यासारखं काही आहे का? वकीलबाईंनी दाखवलं, की मारामारी पाहिल्याचं सांगणारा एकमेव साक्षीदार त्या वेळी वालचंदनगरला कामावर होता. हजेरीपत्रक कागदांत होतं, निकालात त्याचा उल्लेखच नव्हता. हजेरीपत्रकाचंही थोडं श्रेय आहे, मी नाकारत नाही.

"अपील दाखल करून घेतो. त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, जामीन मंजूर."

बाहेर, सुनावणीला सोबत आलेले तात्या म्हणाले, "मी म्हनलंच हुतं, कोर्ट ऐकंल."

"तात्या," केसरबाई म्हणाली, "तुमी आता फकस्त उसाच्या मोळ्या मोजा."

ज्ञानू अजून निर्दोष ठरलेला नाही. त्याचं म्हणणं ऐकलं जाणार, एवढंच. पण माझा एक आकडा सरकला असता, तर तेवढंही झालं नसतं. म्हणून नक्कल विभागातल्या मित्रांनो, हात जोडून विनंती: माझ्या मुठीनं भुईमुगाच्या शेंगा फोडू नका. टेबलावर पेपरवेट आहे.