बंदुकीचं तेल

पोळ्याच्या सुमारास धरमसिंगच्या ठासणीच्या भरमार बंदुकीतली कमान गंजून तुटली. घोडा उसळतो तो तिच्याच जोरावर. बहात्तरच्या दुष्काळानंतर तांड्यामागच्या वावरात पहिल्यांदाच ज्वारी धरली होती, आणि रानडुकरं रोज काठाशी येऊन हुंगून जात. म्हणून तो परवान्याची बंदूक घेऊन शेलूबाजारच्या बाबूलाल लोहाराकडे आला. सोबत बायको रूपाबाई, कडेवर दात न आलेलं लेकरू.

"मोटारच्या पाट्याचं पोलाद लावतो," बाबूलाल म्हणाला. "गंजते, पन उसळते. नाईतर ही अकोल्याची स्टेनलेसची पट्टी हाय. गंज नाई, पन दम धरीन का, मले भरोसा नाई."

रूपाबाईची नजर त्या चकाकत्या पट्टीवरून हलेना. लेकरासाठी माहेरून आलेला स्टीलचा पेला कधी काळवंडला नव्हता. अन् गंज चढू नये म्हणून घरातलं गोडं तेल पावसाळाभर बंदूकच प्यायची. लेकराच्या टाळूला नुसतं बोट पुसण्यापुरतं उरायचं.

"हेच लावा, भाऊ."

"वयनी, बंदूक हाय, ताट नाई!"

धरमसिंग हसला. "लाव बाबा. नाईतर घरी मलेच घासून काढीन हे."

कमान गंजली नाही. वाचलेल्या तेलानं रूपाबाई लेकराची टाळू भरायची, तेल जिरेपर्यंत तळहात तिथून काढायची नाही. "घोडा आता कसा हलका मागं येते!" धरमसिंग म्हणायचा, आणि तिला बरं वाटायचं.

ज्वारीत दाणा भरला. एका पहाटे डुक्कर वावराच्या धुऱ्यावरून थेट त्याच्या अंगावर आलं. त्यानं चाप ओढला. घोडा पडला, पण झोपलेल्या लेकराचा हात पडावा तसा अलगद. बारूद पेटवणारी टोपी फुटलीच नाही. डुकरानं मांडी फाडली.

वाशिमच्या दवाखान्यातून तो परतला तेव्हा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, आणि राखायला कोणी नसलेली ज्वारी भुईसपाट झाली होती.

खाटेवरून त्यानं विचारलं, "कमान गंजली का वं?"

"नाई."

"मंग तुहं खरं झालं."

तो रागानं बोलला असता तर तिला रडता तरी आलं असतं. तिनं तेलाची वाटी घेतली आणि त्याच्या लाकडासारख्या पायाला चोळू लागली. रोज चोळावं लागतं. वाटी रिकामी होते, पाय तसाच राहतो.

शेजारी झोळीत लेकरू जागं होतं. रूपाबाईनं रिकाम्या वाटीतून बोट फिरवलं आणि त्याच्या कोरड्या टाळूवर टेकवलं.