फरशीवरचं ऊन

लातूर जिल्हा झाला आणि सिद्रामप्पा पेंटरला दम खायला उसंत राहिली नाही. गावोगावच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ लिहायचं काम निघालं होतं. त्याचं अक्षर असं, की पट्टी लावून तपासावं.

एका शाळेची पाटी रंगवताना त्याला उमादेवीबाईंनी काढलेलं तैलचित्र दिसलं. स्वयंपाकघर होतं. जवळून नुसते रंगाचे गोळे, पण चार पावलं मागं सरलं की चुलीतला जाळ हलायला लागायचा. सिद्रामप्पाला राहवेना. बाई नांदेडला चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, लातुरात बहिणीकडं राहायच्या. तो थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

बाईंनी जुन्या मासिकातलं एक पान त्याच्या हाती दिलं. खिडकी, खुर्ची, फरशीवर दुपारचं ऊन, एवढीच खोली.

“याची नक्कल करा. पण खोलीची करा, रेघांची नको.”

तीन महिने दर मंगळवारी तो येत होता. तीन चित्रं झाली. तिन्ही हुबेहूब आणि तिन्ही मेलेली. बाई रंग ओला असतानाच सुरीनं खरडून टाकत.

“बाई, चुकलं कुठं ते तर सांगा!”

“काहीच चुकलं नाही. म्हणून तर खरडते.”

यावर माणसानं करायचं काय?

चौथ्या चित्राच्या वेळी गल्लीत टँकर आला. पावसानं दगा दिलेलं वर्ष, टँकर चार दिवसांनी उगवलेला. सिद्रामप्पा बाईंच्या घागरी घेऊन धावला. ढकलाढकली झाली, कुणीतरी त्याचा नंबर मारला, दोन्ही घागरी अर्ध्याच भरल्या. संतापानं फणफणत तो परत आला, बुरूश बाजूला सारला, सुरीवर पिवळा रंग घेतला आणि चित्रातल्या फरशीवर दोनदा फासला.

खोलीत ऊन पडलं. खरंच पडलं.

बाई चार पावलं मागं सरल्या. मग म्हणाल्या, “आता हात लावू नका. चहा ठेवते.”

त्या आत गेल्या. सिद्रामप्पा बघत राहिला. उन्हाची एक कड वाकडी गेली होती. त्यानं नजर वळवली, पुन्हा नजर तिथंच. बारीक बुरूश कधी हातात आला, त्याचं त्याला कळलं नाही. त्यानं कड सरळ केली. मग समोरचीही केली.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा चित्रात उन्हाच्या जागी फरशीवर पिवळं फडकं वाळत घातलेलं होतं.

“हे काय केलं हो?”

“वाकडं होतं, बाई.”

“वाकडंच पडलं होतं ते.”

“वीस वर्षं सरळ रेघ मारत आलोय मी! वाकडी गेली की मालक पाटी पुसायला लावतो. हा हात आता माझं ऐकत न्हाई, त्याला काय करू?”

अंधार पडेस्तोवर त्यानं पाच वेळा तसंच फासून पाहिलं. जमलं नाही, दर वेळी कड सरळच येई. चहा तसाच राहिला. बाईंनी या वेळी सुरी उचलली नाही. चित्र घरी न्या म्हणाल्या.

घरी महानंदानं ते दिव्यापाशी धरलं. नवऱ्याचं तीन महिन्यांत तिला दिसलेलं पहिलंच चित्र.

“लई झ्याक हो! रेघ न् रेघ जागच्या जागी हाय.”

सिद्रामप्पानं तिच्या हातातून ते घेतलं आणि तोंड भिंतीकडं करून ठेवलं.

“याही मंगळवारी औशाच्या पाट्यांचं काम धरू नको,” तो म्हणाला. “मला बाईंकडं जायचंय.”