सातवा मोती

सोनं खरं की खोटं हे कुणी विचारलं तर मी हातात घेऊन सांगतो. पंचवीस वर्षं तेच करतोय. मोत्यातलं मात्र मला काही कळत नाही, आणि माझं सगळं अडलं ते मोत्यावर.

आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडची निम्मी माणसं गलाई आहेत, म्हणजे जुने दागिने गाळून त्यातलं शुद्ध सोनं काढणारी. मी कतारमध्ये, दोह्यात एका कारखान्यात भट्टीवर आहे आणि तिथल्याच अल मन्सूरा भागात चौघांत एक खोली घेऊन राहतो. माझी बायको राजश्री गेल्या वर्षी श्रावणात गेली. मी घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

लग्नानंतर पाच वर्षांनी मी तिला नथ केली होती. सोनं मी स्वतः गाळलेलं, मोती दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडनं घेतलेले. सात मोती. तो म्हणाला, बसरा आहेत, म्हणजे आखाताच्या समुद्रातले अस्सल. मी तेच राजश्रीला सांगितलं आणि तिनं बावीस वर्षं गावभर सांगितलं. कुठंही लग्नाला गेली की म्हणायची, "आमच्या ह्यांनी तिकडनं आणलेत. खरे बसरा."

वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा आमच्या पोरीच्या, कोमलच्या लग्नासाठी नथ उजळायला म्हणून विट्याच्या सराफाकडं नेली. त्यानं खालच्या मोठ्या मोत्यावर बोट ठेवलं.

"बाजीराव, हे कल्चर आहेत की, माणसानं तयार केलेले."

"बसरा आहेत ते."

"बसरा म्हणून दिले असतील तुम्हाला."

मी नथ परत खिशात घातली. कोमलला काही बोललो नाही. दोह्याला येऊन तो व्यापारी शोधला, तर तो कधीच वारला होता आणि दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हापासून मला एकच गोष्ट खात होती. पोरगी ही नथ घालून बोहल्यावर उभी राहणार. आणि तिच्या आईला मी आयुष्यभर खोटं घालून मिरवायला लावलं का?

हे मी फक्त धनाजीला सांगितलं होतं. धनाजी साताऱ्याचा, ड्रायव्हर. एका शुक्रवारी दुपारी तो खोलीवर आला.

"दादा, उठा. भिंतीकडं बघून भिंत पडायची न्हाई."

"कुठं?"

"अल खोरच्या पुढं एका गावात एका म्हाताऱ्याचं म्युझियम हाय. आमच्या साहेबाला सोडलं होतं मागं. मोत्यातला दर्दी माणूस. नथ घ्या संगं."

गाव लहान होतं. एक मशीद, एक किराणा दुकान, उन्हात ओढून ठेवलेल्या होड्या. म्युझियम म्हणजे म्हाताऱ्याचं जुनं घरच, तीन खोल्यांचं. त्याचं नाव अबूबकर. वय ऐंशीच्या वर, पाठ ताठ. त्याचा बाप मोती विकायला मुंबईला जायचा आणि यालाही लहानपणी बरोबर न्यायचा, त्यामुळं हिंदी चांगली येत होती.

"हिंदुस्तानात कुठले?" त्यानं विचारलं.

"महाराष्ट्र. मी सोनं गाळतो."

"म्हणजे सेठ!"

"सेठ दुकानात बसतो, चाचा. मी भट्टीपुढं बसतो."

तो हसला आणि मला हाताला धरून आत घेऊन गेला. "सोन्याची खाण आमच्याकडं नाही," खिडकीतनं समुद्राकडं बोट करून तो म्हणाला. "आमची खाण ती."

मी आजवर कतारमध्ये मॉल बघितले, स्टेडियमं बघितली. त्या तीन खोल्यांत जे बघितलं तसं कुठं बघितलं नाही. बुडी मारणारा माणूस पायाला बांधायचा तो दगड तिथं होता. शिंपले गोळा करायची जाळीची पिशवी होती. शिंपल्यांनी बोटं कापू नयेत म्हणून घालायच्या चामड्याच्या टोप्या होत्या, अंगठ्याएवढ्या, वापरून काळ्या पडलेल्या. मोती चाळायच्या पितळी चाळण्या एकात एक बसवलेल्या, प्रत्येकीची भोकं वेगळ्या मापाची. त्या बघून मी थांबलोच. एवढं नेमकं काम हातानं केलेलं. प्रत्येक वस्तूपुढं म्हाताऱ्यानं स्वतःच्या अक्षरात अरबी आणि इंग्रजी चिठ्ठी लावली होती. कुठं धूळ नव्हती.

एका पेटीत हाडाचा छोटा चिमटा होता.

"हा नाकाला लावायचा," चाचा म्हणाला. "पाणी जाऊ नये म्हणून. माझ्या बापाचा आहे. व्यापारात पडण्याआधी तो बुड्या मारायचा. दिवसाला पन्नास."

मी तो चिमटा बराच वेळ बघितला. इथं एक माणूस नाक बंद करून समुद्राच्या तळाला जायचा, आणि त्यानं आणलेला मोती आमच्याकडं बाईच्या नाकात जायचा. हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी मोती घेतले तेव्हा फक्त आकार बघितला होता.

त्याच्या शेजारी अर्धी जळलेली खजुराची झावळी होती. चाचा म्हणाला, बोटी चार-चार महिने यायच्या नाहीत. मग बायका किनाऱ्यावर जमायच्या आणि जळती झावळी पाण्यात बुडवायच्या. समुद्राला चटका द्यायच्या. आता पुरे, आमची माणसं परत दे म्हणून.

धनाजी म्हणाला, "आमच्या बायका नुसता फोन करत्यात."

मला राजश्री आठवली. विट्याला समुद्र नाही.

शेवटच्या खोलीत सोनाराचं सामान होतं. तराजू, फुंकणी, आणि मातीचा एक लहान पेला. धनाजीनं चिठ्ठी वाचली, "कॉफीचा कप."

"चाचा, हा कप नाही," मी म्हणालो. "ही मूस आहे. हिच्यात सोनं वितळवतात."

"मला तर माझ्या आजीनं कप म्हणून दिला."

"आजीला यातनं कॉफी दिली नाही ना कुणी? आत बघा. ही काच चढल्यासारखी दिसते ती सोनं वितळवताना घालतात त्या टाकणखाराची. आणि हे बारीक पिवळे ठिपके सोन्याचे आहेत. अजून चिकटून आहेत."

चाचानं भिंग आणलं आणि खूप वेळ बघितलं. मग चिठ्ठी काढली, उलटी केली, खिशातनं पेन काढलं आणि मला म्हणाला, "नाव परत सांग." त्यानं अरबीत लिहिलं, मूस. ऐंशीच्या पुढचा माणूस, स्वतःच्या घरात, एका भट्टीवाल्याचं ऐकून चिठ्ठी बदलतो. माझ्या कारखान्याच्या मालकानं मला अजून कधी काही विचारलेलं नाही.

मग मला धीर आला. मी रुमाल सोडला आणि नथ त्याच्या हातात दिली.

"बायकोची आहे. ती गेली. हे मोती खरे आहेत का तेवढं सांगा."

तो खाली बसला. धनाजीला मोबाइलचा टॉर्च मागून धरायला लावला आणि एकेक मोती उजेडापुढं फिरवून बघितला.

"हा आमच्या समुद्राचा," तो म्हणाला. "हा पण. हा पण." सहा मोती झाले. सातव्यावर थांबला, खालच्या मोठ्यावर. "हा कल्चर, मोत्यांच्या शेतातला. आत शिंपल्याचा मणी घालून वर थर चढवलाय. उजेडात रेघा दिसतात बघ."

"सहा खरे आणि एक खोटा? व्यापारी असं करेल?"

"व्यापाऱ्यानं सगळ्यात मोठाच खोटा घातला असता का? तो तर सगळे आधी बघतात. हा नंतर आलाय."

मी त्याच्याकडनं भिंग घेतलं. मोत्याकडं बघितलंच नाही, तारेकडं बघितलं. सहा मोत्यांची तार माझ्या सोन्याची होती. सातव्या मोत्यापाशी तार जोडली होती आणि जोडलेला तुकडा तांबूस होता, हलक्या कसाचा. पीळही उलट्या हाताचा. ते सोनं माझं नव्हतं.

म्हणजे हे राजश्रीनं केलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. खरं सांगतो, क्षणभर वाईट वाटलं. कुणाला दिला असेल, का काढला असेल, काय काय मनात आलं.

गाडीत बसल्या बसल्या मी कोमलला फोन लावला. धनाजीनं एसी लावून गाडी उभीच ठेवली.

"कोमल, नथीतला मोठा मोती बदललाय का?"

तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोमल?"

"अण्णा, आईनं शपथ घातली होती."

"आता कसली शपथ? सांग."

"तुमचा फोन तेव्हा फुलाबाई काकूंच्या घरी यायचा बघा. शुक्रवारी चार वाजता. आई नथ घालून जायची."

"फोनवर? फोनवर कोण बघतंय?"

"मी पण तेच विचारायची. तर म्हणायची, तू गप चल. एकदा उशीर झाला, फोन वाजायला लागला, आई पळाली आणि पदर अडकला. मोती पडला काकूंच्या अंगणात. आणि कोंबडीनं उचलला."

धनाजीनं तोंडावर हात ठेवला.

"मग?"

"मग काय! आधी तुमच्याशी बोलली. तुम्हाला काही कळू दिलं नाही. मग काकूंच्या सगळ्या कोंबड्या डालून ठेवल्या. कुठलीनं खाल्ला कळंना. मी म्हणाले तांबडीनं. तांबडी विकत घेतली आणि कापली."

"सापडला?"

"कुठला! दुसरीनंच खाल्ला असणार. मी सात वर्षांची होते अण्णा, मला काय कळतंय. काकू म्हणाल्या, आता सगळ्या कापतीस का गं बाई? आई रडली आणि मग हसली. नंतर विट्यातनं तसलाच दिसणारा बसवून आणला. म्हणाली, तुझ्या बापाला सोन्यातलं कळतं, मोत्यातलं कळत न्हाई. सांगितलंस तर बघ."

मला तो शुक्रवार आठवला. फोनवर राजश्री म्हणाली होती, आज कोंबडी करणार आहे. मी इथं खुबूस, म्हणजे इकडची रोटी, आणि डाळ खात होतो. मी रागानं विचारलं होतं, कसला सण आहे? ती म्हणाली होती, असंच, मन झालं.

"अण्णा, रागावला का?" कोमल विचारत होती. "मोती बदलून घेऊ या का लग्नाआधी?"

"नको," मी म्हणालो. "आहे तशी घाल. आणि कुणी विचारलं तर सांग, सहा बसरा आहेत आणि एक तुझ्या आईचा आहे."

फोन ठेवल्यावर धनाजी म्हणाला, "यल्ला, निघू या?"

"थांब जरा."

मी उतरून परत आत गेलो. दाराशेजारी एक नकाशा होता. इथले मोती कुठं कुठं गेले त्या गावांवर चाचानं टाचण्या लावल्या होत्या. मुंबईला तर टाचण्यांची गर्दी होती. मी त्याला सगळं सांगितलं, कोंबडीसकट. तो डोळे पुसेपर्यंत हसला. मग त्यानं डबीतनं एक टाचणी काढून माझ्या हातात दिली.

नकाशावर आमचं गाव नव्हतं. मुंबईच्या खाली, आतल्या बाजूला, अंदाजानं मी ती टोचली.