वाकड्या नाकाचं मेंढरू

उदयसिंह गुरुजी 'शाळेतील सर्जनशीलता' या विषयावर बोलायला येणार, असं सांगलीहून पत्र आलं. मुख्याध्यापिका शिवांजली बाईंनी ते वाचून दाखवलं, तेव्हा हरणाबाईनं उजव्या हाताचं मधलं बोट चोळलं. ते बेचाळीस वर्षं वाकडं होतं. आता ती शाळा समितीची अध्यक्ष होती. शाल-नारळ मीच देणार, एवढंच तिनं बाईंना बजावलं.

चौथीत असताना तिनं पाटीवर मेंढरू काढलं होतं. बापाच्या कळपातलं, माडग्याळी जातीचं, आखूड केसांचं, पोपटासारख्या बाकदार नाकाचं. पुस्तकातलं मेंढरू होतं पिंजलेल्या कापसासारखं. पुस्तकाबरहुकूम का नाही काढलं, म्हणून याच गुरुजींनी उभ्या फूटपट्टीनं बोट मोडलं आणि पाटी आपटून फोडली. बापानं बोटाला हळद बांधली, पोरीला मेंढरांमागं धाडलं. शाळा संपली ती तिथंच. सूड उगवल्याशिवाय मरायचं नाही, असं तिनं तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

गुरुजी आले आणि जमलेल्या पोरांपुढं, गावकऱ्यांपुढं अर्धा तास बोलले. आनंददायी शिक्षण, कृतियुक्त अध्ययन, मुक्त अभिव्यक्ती. शब्द असे, की ऐकूनच पोट भरावं. समोरची बाई कोण, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग त्यांनी उदाहरण दिलं. एका धनगराच्या मुलीनं म्हणे वाकड्या नाकाचं मेंढरू काढलं होतं, आणि यांनी तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली होती.

हरणाबाईचं अंग पेटलं. मोडलेल्या बोटाचं दुःख तिनं एक वेळ गिळलं असतं, पण हा माणूस त्याच बोटावर टाळ्या मिळवत होता. ती उठली.

"आवं गुरुजी, ती पोरगी मीच."

गुरुजी खुलले. बघा, म्हणत त्यांनीच टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. हरणाबाईनं त्या संपू दिल्या आणि हात वर केला.

"मग ह्या बोटाला कसली शाबासकी दिली हुती, त्येबी सांगा."

तिनं एका पोराची पाटी आणि खडू त्यांच्यापुढं सरकवला आणि मी काढलं होतं तसंच काढा, म्हणाली. गुरुजींनी काढलं ते पुस्तकातलंच, कापसाचं. पोरं फिदीफिदी हसली. हे आमच्यातलं नाही, असं पुढच्या रांगेतली एक पोर मोठ्यानं म्हणाली.

हरणाबाईनं टेबलावरची फूटपट्टी उचलली.

"हात फुडं करा."

आणि गुरुजींनी खरंच केला. डोळे मिटून, तळवा वर, सगळ्या गावासमोर. तिनं मारलं नाही. मारलं असतं तर एका घावात फिटलं असतं. फूटपट्टी टेबलावर ठेवून तिनं शाल-नारळ काखेत मारला आणि ती पाटी गुरुजींचं नाव घालून भिंतीवर टांगायला बाईंना सांगितलं.

मग ती घरी गेली. हात खाली घ्या, असं तिनं काही सांगितलं नाही.